मॅक्रो लेन्सशिवाय मॅक्रो छायाचित्रण: तीन हजार रुपये आधी कशावर खर्च करावेत?

साताऱ्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्याकडे कॅननचा सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या दोन एसटीएम लेन्स आहेत, हातात तीन हजार रुपये आहेत, आणि परसातले किडे व कासच्या पठारावरची बारीक फुले त्याला जवळून टिपायची आहेत. एक्स्टेन्शन ट्यूब, रिव्हर्स रिंग आणि क्लोज-अप फिल्टर यांपैकी काय घ्यावे, की मॅक्रो लेन्ससाठी पैसे साठवत थांबावे, असे त्याने विचारले आहे.

थांबू नका. मी सोळा वर्षांपासून कीटकांचे फोटो काढतो आहे आणि त्यांतली पहिली पाच वर्षे माझ्याकडे मॅक्रो लेन्स नव्हती. मात्र तुमचा प्रश्न मला थोडा वेगळ्या रीतीने मांडावासा वाटतो. वस्तू मोठी दिसावी ही मॅक्रोमधली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे आणि ती काहीशे रुपयांत मिळते. ती मोठी दिसू लागल्यावर उजेड अपुरा पडतो, फोकसमध्ये येणारा थर केसाएवढा पातळ होतो आणि हाताची बारीकशी थरथरही चित्रात उतरते. महागडी मॅक्रो लेन्स घेतली तरी या तिन्ही अडचणी जशाच्या तशा राहतात. म्हणून पैसे कोणत्या साधनावर खर्च करायचे हे ठरवताना या अडचणींपैकी कोणती सुटते, हे आधी पाहायला हवे.

आता मोजमाप. विशालन म्हणजे सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर) पडणारी प्रतिमा आणि खरी वस्तू यांचे गुणोत्तर. एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही एक सेंटिमीटरचाच उमटला, तर ते एकास एक विशालन झाले, आणि मॅक्रो लेन्सकडून सहसा एवढीच अपेक्षा असते. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे एकास एकला चौकटीत २२ मिलिमीटर रुंदीचा भाग मावतो. तुमची १८-५५ लेन्स एफ/३.५-५.६ ची असेल, तर ५५ वर ठेवून जास्तीत जास्त जवळ गेल्यास ०.३६ पट विशालन देते, म्हणजे चौकटीत सुमारे ६२ मिलिमीटर मावतात. कंपासपेटीतली पट्टी उजेडात ठेवून तिचा फोटो काढा आणि चौकटीत मिलिमीटरच्या किती रेघा येतात ते मोजा. पुढे कोणतेही साधन जोडले, तरी त्याने प्रत्यक्षात किती विशालन मिळते हे याच पट्टीवरून कळेल आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.

या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात येईल. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल, तर चौकटीची लांबी-रुंदी निम्मी करून कापल्यावरही सहा मेगापिक्सेल उरतात. म्हणजे काहीही विकत न घेता तुम्हाला ३१ मिलिमीटर रुंदीचा, स्क्रीनवर पाहण्यासाठी पुरेसा तपशील असलेला फोटो मिळतो. फुलपाखरू, चतुर, जास्वंदीचे केसर, मोठा नाकतोडा हे सगळे यात बसते. पहिला महिनाभर हेच करा, असे मी मनापासून सांगेन, कारण फोकस कुठे ठेवायचा आणि श्वास कधी रोखायचा याची सवय कमी विशालनावर सहज लागते. तीच सवय दुप्पट, म्हणजे दोनास एक, विशालनावर लावायला गेले की बहुतेक जण कंटाळून सोडून देतात.

त्यापुढे जायचे, तर तुम्ही विचारलेली तीन साधने आहेत, आणि यांतले कोणते योग्य हे तुमच्या हातातल्या लेन्सवर अवलंबून असते.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. तिच्यात भिंग नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा तिच्यामुळे थेट खालावत नाही. तिचे गणित सोपे आहे: नळीची लांबी भागिले लेन्सचे फोकल अंतर (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर), एवढे विशालन वाढते. ३६ मिलिमीटरची नळी ५० मिलिमीटरच्या लेन्सला लावली, तर ०.७२ ची भर पडते, आणि लेन्सचे स्वतःचे विशालन धरून आपण एकास एकच्या जवळ पोहोचतो. तुमच्याकडे मात्र ५० ची लेन्स नाही. तीच नळी तुमच्या झूमला २५० वर लावली, तर भर पडते जेमतेम ०.१४ ची. १८-५५ ला १८ वर लावली, तर फोकसची जागा लेन्सच्या आतच जाते आणि काहीच स्पष्ट दिसत नाही. ५५ च्या टोकाला ती चांगले काम देते, पण तेवढ्यासाठी विद्युत संपर्क असलेली नळी घ्यावी लागते, कारण साध्या नळीत कॅमेरा आणि लेन्स यांचा संबंध तुटतो आणि अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारे लेन्समधले छिद्र, पूर्ण उघडेच राहते. माझी पहिली नळी स्वस्त प्लास्टिकची होती. तिची कडी माउंटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्स बसवायच्या तोंडात, अशी अडकली, की लेन्स सोडवायला दुरुस्तीच्या दुकानात जावे लागले आणि त्या खर्चात चांगली नळी आली असती. तुमच्या सध्याच्या लेन्स पाहता मी ट्यूब तूर्त बाजूला ठेवेन. पुढे कधी ५० मिलिमीटर एफ/१.८ घेतलीत, तर तिचा विचार जरूर करा.

रिव्हर्स रिंग ही तुमच्यासाठी खरी सुरुवात आहे. ही एक साधी धातूची कडी असते. तिची एक बाजू कॅमेऱ्याच्या माउंटवर बसते आणि दुसरी लेन्सच्या पुढच्या, फिल्टर लावायच्या आट्यांत, त्यामुळे लेन्स उलटी जोडली जाते. तुमच्या दोन्ही लेन्सच्या आट्या ५८ मिलिमीटरच्या आहेत, तेव्हा कॅनन ईएफ माउंटची ५८ ची रिंग मागा. उलटी लेन्स चालते त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नेहमीची लेन्स दूरच्या मोठ्या दृश्याची जवळच्या छोट्या सेन्सरवर लहान प्रतिमा पाडण्यासाठी घडवलेली असते. मॅक्रोमध्ये नाते उलट होते, वस्तू लहान आणि प्रतिमा मोठी, म्हणून लेन्सही उलटी केली की ती ज्या कामासाठी बनली तेच काम दुसऱ्या दिशेने करू लागते. उलट्या १८-५५ ला ५५ च्या आसपास साधारण एकास एक मिळते, आणि झूम १८ कडे नेत गेलात की विशालन वाढत तिपटीच्या पुढे जाते. झूमची कडी फिरवून विशालन बदलता येते ही फार मोठी सोय आहे. ५५-२५० मात्र उलटी जोडू नका. विशालन मिळणार नाही, आणि एवढे लांब धूड पुढच्या आट्यांवर लटकवणे बरे नव्हे.

उलट्या लेन्सला दोन मर्यादा आहेत. पहिली अंतराची. वस्तू लेन्सच्या टोकापासून चार-पाच सेंटिमीटरवरच असावी लागते. फूल, बी, मीठ, नाणे, शेवाळ यांना त्याचे काही वाटत नाही, पण टाचणी (चतुरासारखा सडपातळ किडा) किंवा माशी एवढ्या जवळ येऊ देत नाही. दुसरी मर्यादा अपर्चरची. कॅननच्या लेन्समध्ये अपर्चर विजेवर चालते, आणि उलटी लावल्यावर वीज पोहोचत नाही. यावर जुनी युक्ती अशी: लेन्स सरळ लावून कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, एफ/८ निवडा (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचे, म्हणजे निवडलेले छिद्र आधीच करून दाखवणारे बटण दाबून धरा आणि बटण दाबलेले असतानाच लेन्स काढा. छिद्र लहान-मोठे करणारी पाती त्या स्थितीत तशीच राहतात. काही मॉडेल्सवर हे बटण वेगळे असते, काहींत मेनूमध्ये जाऊन एखाद्या बटणाला ते काम नेमून द्यावे लागते. लेन्समध्ये डोकावून छिद्र लहान झाले आहे का, हे पाहूनच ती उलटी जोडा. यानंतर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधारून येते. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर पाहण्याची सोय) वापरला आणि एक छोटी टॉर्च वस्तूवर धरली, तर काम सोपे होते.

तिसरे साधन म्हणजे लेन्सच्या पुढे लावायचे क्लोज-अप भिंग. बाजारात प्लस एक, दोन, चार आणि दहा डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचे माप) अशा चार फिल्टरांचा स्वस्त संच मिळतो. तो एकेरी काचेचा असतो. प्लस दोनपर्यंत तो सुसह्य आहे, पण प्लस दहाला कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि पांढऱ्या पाकळीच्या काठाला जांभळी-हिरवी झाक येते. दोन किंवा अधिक काचा जोडून हा रंगदोष काढलेली भिंगे वेगळी, त्यांना ॲक्रोमॅट म्हणतात. रेनॉक्सची डीसीआर-१५० (४.८ डायॉप्टर) आणि डीसीआर-२५० (८ डायॉप्टर) ही त्यांतली प्रसिद्ध जोडी आहे, आणि त्यांची चिमट्याची कडी ५२ ते ६७ मिलिमीटरच्या आट्यांवर बसते, म्हणजे तुमच्या लेन्सवरही.

इथे तुमची ५५-२५० कामाला येते. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर विशालन म्हणजे फोकल अंतर गुणिले डायॉप्टर भागिले हजार, आणि वस्तूपासूनचे अंतर म्हणजे एक मीटर भागिले डायॉप्टर. डीसीआर-१५० ला २५० वर १.२ पट विशालन मिळते आणि वस्तू सुमारे २१ सेंटिमीटरवर राहते. डीसीआर-२५० ला २ पट विशालन मिळते आणि अंतर साडेबारा सेंटिमीटर राहते. म्हणजे किड्याला न बुजवता, अपर्चर आणि स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) दोन्ही चालू ठेवून, मॅक्रो लेन्सच्या तोडीचे विशालन. झूम कमी केल्यास चौकटीचे कोपरे काळे पडतात, तेव्हा हे भिंग लेन्सच्या २५० च्या टोकाकडेच वापरावे. किड्यांसाठी मला या तिन्हींत हेच साधन सर्वांत जास्त पटते, आणि नवशिक्याने डीसीआर-२५० पेक्षा डीसीआर-१५० घ्यावी असे माझे मत आहे, कारण दुप्पट विशालनावर किडा चौकटीत सापडण्यातच सकाळ निघून जाते. पण ती तुमच्या तीन हजारांत बसणार नाही, म्हणून तिला पुढच्या खेपेला ठेवू.

मग तीन हजारांचे काय करायचे? रिव्हर्स रिंग घ्या, आणि उरलेले पैसे फ्लॅशवर खर्च करा. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, म्हणून कारण नीट सांगतो.

जवळ जाताना अपर्चरचा आकडा जो दिसतो तो खरा राहत नाही. खरा आकडा म्हणजे दिसणारा आकडा गुणिले एक अधिक विशालन. एकास एकला एफ/८ चे एफ/१६ होते, म्हणजे उजेड चौपटीने घटतो. दुप्पट विशालनावर एफ/११ चे एफ/३३ होते, आणि एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरून सगळे चित्रच मऊ पडते. दुसऱ्या बाजूला, एकास एकला एफ/८ वर फोकसमध्ये येणारा थर तुमच्या सेन्सरवर जेमतेम ०.६ मिलिमीटरचा असतो आणि दुप्पट विशालनावर तो पाव मिलिमीटरपर्यंत येतो. छिद्र मोठे केले तर थर आणखी पातळ, लहान केले तर चित्र मऊ आणि अंधार. माझ्या कामात एकास एकच्या आसपास एफ/८ ते एफ/११ आणि दुप्पट विशालनावर एफ/५.६ ते एफ/८ हा मध्यम मार्ग ठरला आहे. पण या अपर्चरला सावलीतल्या किड्यासाठी शटर इतके मंद ठेवावे लागते, की हातात कॅमेरा धरून धारदार चित्र मिळणे अशक्य असते. फ्लॅश कमी ताकदीवर पेटवला, तर त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. हाताची थरथर, वाऱ्याने हलणारी पाकळी, मुंगीचे पाय, सगळे त्या क्षणात गोठते. स्थिरता आणि उजेड या दोन अडचणी एकाच साधनाने सुटतात, म्हणून मी फ्लॅशला भिंगाच्या आधी ठेवतो.

साधा मॅन्युअल फ्लॅश पुरे. मात्र खरेदीआधी एक तपासा: कॅननच्या अलीकडच्या काही स्वस्त मॉडेल्सच्या हॉट शूवर (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत) मधला संपर्कबिंदू नसतो, आणि त्यांवर साधा फ्लॅश पेटत नाही. तुमच्या कॅमेऱ्यावर तो बिंदू नसेल, तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फ्लॅशचा झोत पाहून पेटणारा, म्हणजे स्लेव्ह मोड असलेला फ्लॅश घ्या, आणि त्यात पूर्वझोत (मुख्य झोताआधी कॅमेरा टाकतो तो चाचणीचा झोत) वगळायची सोय आहे ना हे विचारून घ्या. रोल कॅमेऱ्याच्या काळातला जुना फ्लॅश कोणी फुकट दिला तरी थेट जोडू नका, कारण त्यांतल्या काहींचे ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅश पेटताना कॅमेऱ्याच्या संपर्कबिंदूवर येणारा विजेचा दाब) आजच्या कॅमेऱ्याला झेपत नाही.

फ्लॅश नुसता वापरायचा नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या परसात वालाच्या वेलावर काळा मावा ही कीड पडली होती आणि त्याच्या अंगातून निघणारा गोड रस खायला काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. उघड्या फ्लॅशने काढलेल्या पहिल्या फोटोत मुंगीच्या पोटावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढराफटक ठिपका होता, बाकीचे अंग काळ्या डागासारखे दिसत होते आणि मावा म्हणजे नुसते तेलकट मणी. मग फ्लॅशच्या तोंडापासून लेन्सच्या टोकापर्यंत दुहेरी बटर पेपर कमानीसारखा वाकवून रबरबँडने बांधला, म्हणजे मुंगीच्या डोक्यावर उजेडाचे छप्परच तयार झाले. दुसऱ्या फोटोत तो ठिपका पसरून मंद चकाकी झाली होती, पोटावरची बारीक लव एकेक केसाने मोजता येत होती, आणि माव्याच्या मागच्या टोकाशी आलेला रसाचा थेंब आरपार दिसत होता. लेन्स तीच, मुंग्याही त्याच, वाढीव खर्च बटर पेपरचा. उजेडाचा स्रोत वस्तूच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ, तितका तो मऊ, एवढेच तत्त्व त्यामागे आहे. दुधी प्लास्टिक किंवा थर्माकोलचा पातळ तुकडाही चालतो. शटर १/२००, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश १/८ ते १/१६ ताकदीवर, इथून सुरुवात करा आणि एकेक पायरी बदलत जा. पाठीमागे सगळे काळे येत असेल, तर फ्लॅशचा उजेड तिथवर पोहोचत नाही असे समजा आणि वस्तूच्या मागे हातभर अंतरात एखादे हिरवे पान धरा.

फोकस कडी फिरवून साधत नाही, स्वतः पुढे-मागे झुलून साधावा लागतो. विशालन आधी ठरवा, मग डोळा स्पष्ट दिसेपर्यंत अगदी सावकाश पुढे सरका आणि दिसताक्षणी शटर दाबा. डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदी धरून त्याच हाताच्या तळव्यावर लेन्स टेकवली, तर फांदी आणि कॅमेरा एकत्रच हलतात, आणि ही पद्धत मला तिपाईपेक्षा कितीतरी उपयोगी पडली आहे. फुलांसाठी तांदूळ भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. थर पातळ असल्यामुळे वस्तूची सपाट बाजू सेन्सरला समांतर ठेवण्याचा प्रयत्न करा. फुलपाखराच्या मिटलेल्या पंखांना समोरून भिडण्याऐवजी बाजूने समांतर गेलात, तर अख्खा पंख धारदार येतो. किड्यांसाठी वेळ भल्या पहाटेची. थंडीत त्यांना हालचाल जमत नाही आणि अंगावर दव असते. त्यांना फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करण्याची जी पद्धत काही जण सांगतात ती कृपया अवलंबू नका.

वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो काढून ते एकत्र जोडण्याला स्टॅकिंग म्हणतात. स्थिर वस्तूंसाठी ते उत्तम आहे आणि हगिन या संगणक-प्रोग्रामसोबत येणाऱ्या मोफत साधनांनी ते घरी करता येते. पण पाच मिलिमीटर खोलीच्या वस्तूला एकास एकवर दहा-बारा फोटो लागतात आणि तेवढा वेळ काहीच हलता कामा नये. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

मॅक्रो लेन्सचा खरा फायदा कुठे आहे, हेही सांगायला हवे. एका क्षणी पूर्ण फुलपाखरू आणि दुसऱ्या क्षणी त्याचा डोळा, असे काहीही न काढता-घालता तिला करता येते. जो माणूस दिवसभर रानात फिरून नोंदी करतो त्याच्यासाठी हा वेग मोलाचा आहे. वर्षभरानंतर रिंग आणि भिंग बदलण्यात संधी हुकते आहे असे वारंवार जाणवले, तर जुनी, वापरलेली मॅक्रो लेन्स शोधा. तोवर नाही.

आता कासबद्दल. सीतेच्या आसवांचे जांभळे फूल साधारण सेंटिमीटरभराचे असते, त्यामुळे त्याला तुमची १८-५५ सरळच लावून ५५ वर पुरते, आणि ताटव्याचा थोडा संदर्भही चौकटीत राहतो. दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या चिकट थेंबांसाठी मात्र उलटी लेन्स काढा. त्या थेंबांत मागच्या आकाशाची उलटी प्रतिमा दिसते, आणि ती टिपायची असेल तर फ्लॅश बाजूला ठेवून ढगाळ उजेडात काम करा. ही दोन्ही रोपे कातळावरच्या बोटभर मातीत उगवतात आणि गुडघा टेकला तरी दहा-वीस चिरडतात. ठरलेल्या वाटेच्या कडेला जे सापडेल त्याचाच फोटो घ्या. वाटेच्या काठावरही भरपूर सापडते. लेन्स उलटी असताना तिची मागची काच पावसाकडे आणि मातीकडे उघडी असते. पठारावरचा वारा लक्षात घेऊन लेन्स गाडीतच किंवा पिशवीच्या आत बदला, आणि घरी परतल्यावर दोन्ही लेन्स कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, कारण सातारच्या पावसाळ्यात ओलसर बॅगेत राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.